सदतीस हजार किलोमीटर आणि शेवटचे दोन हात

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता गाव सोडल्यावर लवकरच सातपुड्याच्या गाविलगड रांगेला भिडतो. मागे वऱ्हाडची सपाट काळी जमीन आणि पुढे मेळघाटाचे साग-जंगल. या रस्त्याने मोटारीत रेडिओ लावून जाणाऱ्या प्रवाशाला एक गोष्ट हमखास अनुभवाला येते. गावात स्वच्छ ऐकू येणारे एफएम केंद्र घाटात शिरताच खरखरू लागते आणि दोन-चार वळणांनंतर नाहीसे होते. असे का होते, याचे उत्तर नववी-दहावीच्या विज्ञानात आहे. परंतु 'मग आकाशातूनच थेट मोटारीत रेडिओ का येऊ नये?' हा पुढचा प्रश्न विचारला, तर उत्तरासाठी सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. या इतिहासात असा एक काळ येऊन गेला, की परतवाड्याच्या आकाशात असा रेडिओ दहा वर्षे हजर होता. तो मोटारीपर्यंत मात्र नीट पोहोचला नाही. हे कसे झाले, ते या लेखात पाहू.

लांब लहरी, आखूड लहरी

प्रथम खरखरीचे कारण. एफएम प्रक्षेपण सुमारे १०० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालते. तिची तरंगलांबी ३ मीटर. इतक्या आखूड लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी संपतात. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१ ने गुणावे, म्हणजे प्रक्षेपणाचा पल्ला साधारण किलोमीटरमध्ये मिळतो. मनोरा १०० मीटर उंच असेल, तर पल्ला ४१ किलोमीटर. मध्ये डोंगर आला की तोही नाही.

मध्यम लहरींचे तसे नाही. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली. १००० किलोवॅटच्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून तिचे कार्यक्रम रात्री प्रसारित होत. जानेवारी २०१९ मध्ये ती बंद करण्यात आली. तिची वारंवारता १५६६ किलोहर्ट्झ होती, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९२ मीटर. अशी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकड्यांना वळसा घालते आणि रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरते. म्हणून जंगलातल्या वस्तीवरही ती ऐकता येई. पण तिच्यावर विजांचा, इंजिनातील ठिणग्यांचा आणि दूरच्या केंद्रांचा गोंगाट चढतो. थोडक्यात, लांब लहर दूर जाते पण स्वच्छ नसते. आखूड लहर स्वच्छ असते पण दूर जात नाही. ही अडचण सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे मनोराच अतिशय उंच करणे. उपग्रह हा एका अर्थाने ३६ हजार किलोमीटर उंचीचा मनोराच आहे.

मोटारीत रेडिओ कसा शिरला

मोटारीतील रेडिओचा जन्म उपग्रहाच्या पुष्कळ आधीचा. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन व त्यांचे बंधू जोसेफ यांच्या कारखान्याने 'मोटोरोला' नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक म्हणजे वीज. त्या वेळच्या निर्वात नलिकांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे, आणि मोटारीची बॅटरी जेमतेम सहा व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागत. दुसरी अडचण म्हणजे गोंगाट. पेट्रोल पेटवणारी प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच असतो. तिच्या तारांवर रोधक बसवून हा गोंगाट दाबावा लागला.

पुढे १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि पहिली अडचण संपली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली पेटंट घेतलेल्या एफएम पद्धतीने दुसरी अडचण कमी केली, कारण एफएममध्ये माहिती लहरीच्या उंचीत नसून वारंवारतेतील बदलात असते. ठिणगीमुळे लहरीची उंची बदलली, तरी ग्राहक संच तिकडे दुर्लक्ष करू शकतो. १९५२ साली जर्मनीत एफएम मोटार-रेडिओ निघाला. भारतात मात्र एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रास येथे सुरू झाले.

दरम्यान १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि ती पुढील काही वर्षांत मोटारीत पोहोचली. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेट इतकी पसरली, की मोटारीतील रेडिओलाही लोक 'गाडीतला टेप' म्हणू लागले. ही कॅसेटची खाच पुढे आपल्या कथेत वेगळ्याच कामाला येणार आहे, ती लक्षात ठेवू.

आकाशातून प्रथम गावात

१९४५ साली आर्थर क्लार्क यांनी एका ब्रिटिश मासिकात भूस्थिर कक्षेतील दळणवळण केंद्रांची कल्पना मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आपल्याला एका जागी स्थिर दिसतो. १९६४ साली 'सिनकॉम-३' हा अशा कक्षेतील पहिला उपग्रह ठरला.

उपग्रहावरून थेट सामान्य माणसापर्यंत प्रक्षेपण करण्याचा जगातील पहिला मोठा प्रयोग भारतात झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्यात आले. 'साइट' या नावाने हा प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील गावे त्यात नव्हती. प्रत्येक गावात एक सार्वजनिक संच आणि त्याला सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची छत्री होती. संच शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत असे आणि गाव एकत्र बसून कार्यक्रम पाहत असे. म्हणजे आकाशातून आलेली गोष्ट माणसापर्यंत पोहोचवण्याचा शेवटचा टप्पा कोणी पार पाडायचा, याचा विचार या प्रयोगात आधीच केलेला होता.

इन्सॅट मालिकेतील उपग्रहांचा उपयोग पुढे आकाशवाणीनेही केला. पण तो केंद्राकडून केंद्राकडे कार्यक्रम पाठवण्यासाठी. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून प्रादेशिक केंद्रावर येई आणि तेथून मध्यम लहरींवर श्रोत्यांकडे जाई. श्रोत्याचा साधा ट्रान्झिस्टर उपग्रहाचे काहीही ऐकू शकत नव्हता.

तीन मीटरची छत्री तळहाताएवढी होते

१९९२ साली स्पेनमधील तोरेमोलिनोस येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत उपग्रह रेडिओसाठी १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवण्यात आला. अमेरिका आणि भारत यांच्यासाठी २३१० ते २३६० मेगाहर्ट्झचा पट्टाही मान्य झाला.

यांपैकी पहिल्या पट्ट्यावर इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी आपली योजना आखली. आफ्रिकेत एड्सविषयीची साधी माहितीही लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे पाहून त्यांना या कामाची प्रेरणा मिळाली. १९९० साली त्यांनी वर्ल्डस्पेस ही कंपनी स्थापन केली. ज्या खंडांमध्ये रेडिओ केंद्रे थोडी आणि अंतरे मोठी, तेथे आकाशातून स्वच्छ रेडिओ द्यायचा, ही मूळ कल्पना. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी 'आफ्रिस्टार' आणि २१ मार्च २००० रोजी 'एशियास्टार' हे तिचे उपग्रह एरियान अग्निबाणांनी अवकाशात गेले. एशियास्टारच्या उड्डाणात आणखी एक प्रवासी होता, तो म्हणजे आपला इन्सॅट-३बी. दोन्ही उपग्रह एकाच अग्निबाणाने वर गेले.

एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. त्याचे कार्यक्रम ऐकण्यासाठी तीन मीटरची छत्री लागत नव्हती. हिताची, जेव्हीसी, पॅनासोनिक आणि सान्यो यांनी बनवलेल्या संचांना तळहाताएवढी चपटी अँटेना होती. तिची दोन मुख्य कारणे सांगता येतील. पहिले म्हणजे चित्राच्या मानाने आवाजाला फारच कमी माहिती लागते. दुसरे म्हणजे ती माहिती अंकरूपात, दाबून पाठवलेली होती. सेकंदाला १६ हजार अंक हा एक घटक. एका घटकात साधे बोलणे मावते, आणि चार घटक एकत्र केले की चांगले संगीत. अशा ९६ घटकांची एक मालगाडी करून उपग्रहावरून पाठवली जाई. प्रत्येक संच तिच्यातून आपल्याला हवे तेवढेच डबे सोडवून घेत असे.

भारतात ही सेवा २००० साली सुरू झाली. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची 'गंधर्व' आणि जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता' या वाहिन्यांनी रसिकांना अक्षरशः वेड लावले. दिवसभर जाहिरातींशिवाय ख्याल ऐकायला मिळणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

परतवाड्याच्या आकाशात कोठे?

आता थोडे गणित करू. परतवाडा सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांश आणि ७७.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. उपग्रह १०५ अंशांवर, म्हणजे आपल्यापासून २७.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर. गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केल्यास परतवाड्याहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेल्या सुमारे १२५ अंशांच्या दिशेला आणि क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंचीवर येतो. अंतर भरते सुमारे ३७ हजार किलोमीटर. इतके अंतर कापायला रेडिओ लहरीला एक-अष्टमांश सेकंद लागतो.

पन्नास अंश ही चांगली उंची आहे. इतका चढ असलेला डोंगर मेळघाटातही क्वचितच आडवा येतो. म्हणून ज्या दरीत एफएम मरते, तेथे मोकळ्या जागी उभे राहिल्यास एशियास्टारची वाट उघडी असे. डोंगराची अडचण उपग्रहाने खरोखरच सोडवली होती.

पण तिच्या जागी नवी अडचण आली. एशियास्टारच्या लहरीची लांबी सुमारे २० सेंटिमीटर. इतकी आखूड लहर भिंतीला किंवा खडकाला वळसा घालत नाही. मोटारीच्या पत्र्यातून ती जात नाही, आणि ओल्या पानांच्या दाट छायेत ती क्षीण होते. पन्नास अंशांचा स्पर्शक सुमारे १.२ आहे. म्हणजे रस्त्याच्या आग्नेयेला १८ मीटर उंचीचा साग असेल, तर त्याची 'रेडिओ-सावली' १५ मीटर लांब पडेल. दुतर्फा साग असलेल्या अरुंद जंगलरस्त्यावर मोटार या सावलीतून बाहेर येते ती क्षणभरच. चैत्रात साग निष्पर्ण असताना संदेश काही प्रमाणात झिरपेल. श्रावणात, थाळीएवढी ओली पाने असताना, तो अडेल. म्हणजे मनोऱ्यावरून येणाऱ्या रेडिओचा शत्रू डोंगर, तर उपग्रह रेडिओचा शत्रू रस्त्याकडेचे झाड. शहरात झाडाची जागा इमारत घेते.

शिवाय संचाची अँटेना उपग्रहाकडे तोंड करून ठेवावी लागे. घरात खिडकी पाहून ती एकदा लावली की काम झाले. मोटार मात्र प्रत्येक वळणाला तोंड फिरवते.

शेवटचे दोन हात

समजा, मोटार मोकळ्या मैदानी रस्त्यावर आहे, अँटेना टपावर आहे आणि संदेश नीट येतो आहे. तरीही एक काम उरते. संचातला आवाज मोटारीच्या स्पीकरपर्यंत न्यायचा कसा? अंतर फार तर दोन हात. पण २००० च्या सुमाराच्या बहुतेक मोटारींतील टेपला बाहेरचा आवाज आत घेण्याची सोयच नव्हती. तेव्हा जगभर तीन मार्ग वापरले गेले. तिन्ही मार्गांमागे शाळेतलेच विज्ञान आहे.

पहिला मार्ग थेट तारेचा. स्टिरिओला 'ऑक्स' नावाचे भोक असेल, तर संचाच्या आवाजाच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरच्या पिनची तार त्यात घालायची. आवाज सर्वांत चांगला याच मार्गाने येतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते. संच आणि स्टिरिओ दोघेही मोटारीच्या एकाच बॅटरीवर चालत असले, तर त्यांच्या ऋण तारा गाडीच्या पत्र्याला दोन वेगळ्या ठिकाणी जोडलेल्या असतात. त्या दोन ठिकाणांमध्ये अल्पसा विद्युतदाब असतो आणि तो आवाजाच्या तारेतून वाहू लागतो. मग इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी ऐकू येते. मध्ये एक लहान रोहित्र बसवले, की दोन्ही मंडले विजेने अलग होतात. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि शिट्टी अडते.

दुसरा मार्ग कॅसेटच्या खाचेतून. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. फितीच्या जागी एक छोटे विद्युतचुंबकीय हेड बसवलेले असते आणि त्यातून निघालेली तार रेडिओ संचाला जोडतात. टेपमधील वाचक-हेडासमोर फीत सरकते तेव्हा त्याला बदलते चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि त्याच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. या खोट्या कॅसेटमधील हेड तेच बदलते क्षेत्र थेट निर्माण करते. टेपला वाटते, आपण फीत वाचतो आहोत! फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमाचा इतका चपखल उपयोग क्वचितच सापडेल. फीत तुटली असे समजून टेप बंद पडू नये, म्हणून आत चाकेही फिरती ठेवलेली असतात.

तिसरा मार्ग म्हणजे एफएम मॉड्युलेटर. हा एक चिमुकला प्रक्षेपक असतो. तो सिगारेट लायटरच्या भोकातून वीज घेतो आणि उपग्रहाचा आवाज एखाद्या मोकळ्या एफएम वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. गाडीचा रेडिओ त्या वारंवारतेवर लावला, की झाले. गंमत पाहा. ३७ हजार किलोमीटरवरून अंकरूपात आलेला स्वच्छ आवाज शेवटचे दोन हात जाण्यासाठी पुन्हा जुन्या एफएमवर बसतो आणि तिचे सर्व दोष घेऊन येतो. मोठ्या शहरात मोकळी वारंवारता सापडत नाही. परतवाड्यासारख्या ठिकाणी ती सहज सापडेल, कारण तेथे केंद्रेच थोडी. त्यामुळे हा मार्ग शहरापेक्षा मेळघाटात अधिक चांगला चालण्याजोगा होता.

या चिमुकल्या प्रक्षेपकांनी अमेरिकेत मोठा गोंधळ केला. तेथील नियमाप्रमाणे तीन मीटर अंतरावर त्यांचे क्षेत्र दर मीटरला २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. २००६ साली असे आढळले, की काही उपकरणे ही मर्यादा ओलांडतात. शेजारच्या मोटारीतील माणसाला स्वतःच्या रेडिओवर भलत्याच्याच गाडीतले कार्यक्रम ऐकू येऊ लागले होते. ती उपकरणे सुधारावी लागली.

मोटारीसाठीच आखलेला उपग्रह रेडिओ

अमेरिकेतील एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्यांनी सुरुवातच मोटारीपासून केली. एक्सएमची सेवा २००१ साली आणि सिरियसची २००२ साली सुरू झाली. मोटार सावलीतून जाणार, हे त्यांनी गृहीत धरले आणि त्यावर तीन उपाय केले.

पहिला उपाय एकाहून अधिक उपग्रहांचा. एका दिशेला झाड आले, तर दुसऱ्या दिशेचा उपग्रह दिसावा. सिरियसने तर आपले तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षांत ठेवले, म्हणजे ते उत्तर अमेरिकेवर अधिक उंच दिसत. दुसरा उपाय वेळेचा. तोच कार्यक्रम दोन वेळा, सुमारे चार सेकंदांच्या अंतराने पाठवायचा आणि संचाने तो साठवून ठेवायचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चार सेकंदांत सुमारे ६७ मीटर जाते. म्हणजे ६७ मीटरपर्यंतची सावली श्रोत्याच्या लक्षातही येणार नाही. तिसरा उपाय जमिनीवरच्या पुनःप्रक्षेपकांचा. उंच इमारतींच्या शहरांत कंपन्यांनी असे प्रक्षेपक उभारले आणि तोच कार्यक्रम जमिनीवरूनही दिला.

याखेरीज त्यांनी मोटारनिर्मात्यांशी करार करून संच कारखान्यातच गाडीत बसवून घेतले. शेवटच्या दोन हातांची अडचण अशा रीतीने मुळातूनच निघाली. नव्या गाडीच्या मालकाला तार, कॅसेट, मॉड्युलेटर यांपैकी काहीच हाताळावे लागले नाही.

दोन आकडे

२००७ साल संपताना सिरियस आणि एक्सएम यांचे मिळून सुमारे पावणेदोन कोटी वर्गणीदार होते. त्याच वेळी वर्ल्डस्पेसचे सगळ्या जगात पावणेदोन लाखांच्या आसपास होते आणि त्यांतील बहुसंख्य भारतात होते. एकास शंभर असे हे प्रमाण आहे. क्षेत्र पाहिले तर एशियास्टारच्या छायेत अमेरिकेच्या कित्येक पट माणसे राहत होती.

या फरकाला एकच कारण आहे असे म्हणता येणार नाही. उत्पन्नातील फरक उघडच आहे. शिवाय २००१ पासून भारतातील शहरांत खासगी एफएम केंद्रे फुकट गाणी ऐकवू लागली होती. पण शेवटच्या टप्प्याचा वाटाही मोठा होता. भारतात वर्ल्डस्पेसला जमिनीवरचे पुनःप्रक्षेपक उभारता आले नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ साली उपग्रह रेडिओविषयी सरकारला शिफारशी केल्या, परंतु धोरण प्रत्यक्षात येईपर्यंत कंपनीच अडचणीत आली. मोटार हे रेडिओ ऐकण्याचे एक मोठे ठिकाण, आणि नेमके तेच बंद राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. खिडकीत अँटेना लावून 'गंधर्व' ऐकणाऱ्या घरांतले संच एका रात्रीत मुके झाले. उपग्रह तर वर होताच!

शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट यापुढे आहे. मूळ कल्पना ज्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही त्यांच्यासाठी होती. मेळघाटातील एखादी शाळा किंवा आरोग्य उपकेंद्र यांच्यासाठी हा संच आदर्श ठरू शकला असता. घाट, दरी, अंतर यांपैकी काहीही त्याच्या आड येत नव्हते. पण हा संच हजारो रुपयांचा आणि त्यावर वर्गणी. ती भरणारे श्रोते शहरांत होते. शहरांत इमारती होत्या आणि मोटारी होत्या, आणि तेथे हा संच अडत होता. जेथे लहर पोहोचत होती तेथे पैसा नव्हता. जेथे पैसा होता तेथे लहर नीट पोहोचत नव्हती. १९७५ च्या 'साइट' प्रयोगात तीन मीटरची बोजड छत्री होती, पण संच गावाचा होता आणि तो कोठे ठेवायचा, कोणी लावायचा हे ठरलेले होते. पंचवीस वर्षांनी अँटेना तळहातावर मावू लागली, तेव्हा हा दुसरा भाग मात्र कोणाच्याच हिशेबात राहिला नाही.

आज मोटारीत उपग्रह आहे का?

आहे, आणि बहुधा आपल्या खिशातही आहे. मोबाइलमधील जीपीएस ग्राहक उपग्रहांचेच संदेश ऐकतो. त्याची वारंवारता १५७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १९ सेंटिमीटर. एशियास्टारची लहर जवळजवळ एवढीच होती. आपली 'नाविक' प्रणालीही याच्या जवळच्या, ११७६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालते. मग धावत्या गाडीत हे चालते आणि ते का चालत नव्हते?

उत्तर माहितीच्या वेगात आणि उपग्रहांच्या संख्येत आहे. जीपीएस संदेशात सेकंदाला अवघे ५० अंक येतात, तर चांगल्या संगीताला ६४ हजार लागत. एकेका अंकासाठी हजार पटींहून अधिक वेळ मिळाला, की क्षीण लहरीतूनही तो ओळखता येतो. शिवाय आकाशात एका वेळी सात-आठ उपग्रह असतात. त्यांतील दोन झाडाआड गेले तरी बाकीचे दिसतात. म्हणजे सिरियस आणि एक्सएमने जे दोन-तीन उपग्रहांनी साधले, तेच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर आहे.

गाणी मात्र आज उपग्रहावरून येत नाहीत. ती मोबाइलच्या मनोऱ्यावरून फोनमध्ये आणि ब्लूटूथने स्टिरिओत जातात. शेवटचे दोन हात आता बिनतारी झाले आहेत. पण मनोऱ्याची लहर पुन्हा जमिनीवरचीच, म्हणून मेळघाटातील वळणांवर ती आजही तुटते. धारणीच्या रस्त्यावरचा जुना प्रश्न अशा रीतीने अजून शिल्लक आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

एशियास्टारची जागा विद्यार्थ्यांना कोणत्याही यंत्राशिवाय दाखवता येते. २ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी दहा वाजून दोन-तीन मिनिटांनी परतवाड्याच्या आकाशात सूर्य जवळजवळ त्याच जागी येतो. गांधी जयंतीनिमित्त विद्यार्थी शाळेत जमलेलेच असतात. मैदानात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. तिची सावली वायव्येला पडेल आणि सुमारे ८३ सेंटिमीटर भरेल. एकला ०.८३ ने भागल्यास १.२ येतात. हाच पन्नास अंशांचा स्पर्शक. ११ मार्चच्या सुमारास सकाळी साधारण दहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनीही हा प्रयोग करता येतो. इतर गावच्या शिक्षकांनी आपल्या अक्षांश-रेखांशावरून वेळ काढावी. अमरावती-अकोल्याला फरक मिनिट-दोन मिनिटांचाच पडेल.

त्या वेळी शाळेच्या आवारात कोठे ऊन आहे आणि कोठे सावली, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. ऊन असेल तेथे एशियास्टारचा रेडिओ लागला असता, सावली असेल तेथे अडला असता. वर्गाच्या कोणत्या खिडकीतून ऊन आत येते, तेही पाहावे. मग विद्यार्थ्यांना विचारावे : एकच संच शाळेला मिळाला असता, तर तो तुम्ही कोठे ठेवला असता, आणि त्याचा आवाज सर्वांत मागच्या बाकापर्यंत कसा नेला असता? उपग्रह बनवणाऱ्यांना हा प्रश्न सोडवावा लागत नाही. तो आपल्यालाच सोडवायचा असतो.